तुमची सही माझ्याकडे आहे

सिस्टर,

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण उतारवयात जुन्या शिक्षिकेला पत्र लिहायला बसलेली बाई शेवटी डोळे पुसते आणि सगळं विसरून जाते, असा लोकांचा समज असतो. माझे डोळे कोरडे आहेत. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायची-लिहायची परवानगी दिली आणि सुनेने विचारलं, आई, पेपर आणून देऊ का? मी म्हटलं, पेपर नको, कोरे कागद दे. तुम्हाला लिहायचं कित्येक वर्षांपासून मनात होतं. तुम्ही जिवंत असताना लिहिलं असतं तर तुम्ही त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं असतं. आता ती भीती नाही.

सासष्ट सालच्या पावसाळ्यात मी नागपूरला आले. नरखेडजवळच्या आमच्या गावातून नर्सिंगला निघालेली मी पहिलीच मुलगी. आत्याने दारात उभं राहून बाबांना सुनावलं होतं, की परक्या माणसांची अंगं पुसायला पोरगी पाठवून राहिला, उद्या हिले करील कोण? माझी आई तिसऱ्या बाळंतपणात गेली, तेव्हा आमच्याकडे पाच कोसांत नर्स नव्हती. बाबांना तेवढं कारण पुरेसं होतं. डोक्यावर माझी ट्रंक घेऊन ते एसटी स्टँडपासून होस्टेलपर्यंत चालत आले. फाटकात तुम्ही होतात. पांढरी इस्त्रीची साडी, कमरेला काळा पट्टा, अंगाला चंदनाच्या साबणाचा वास. मी विचारलं, "मले खाट कोनती हाय जी?" तुम्ही बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणालात, "मले नाही. मला. खाट नाही, कॉट. हाय जी पण नाही. आधी बोलायला शिक, मग रुग्णाला हात लाव." बाबा ट्रंक खाली ठेवून तिथेच उभे होते. आयुष्यभर मले-तुले बोललेला माणूस. त्यांना मला जाताना काही सांगायचं होतं, ते न बोलताच ते परत गेले. तुमच्यापुढे बोलायची त्यांना लाज वाटली, हे मला फार उशिरा कळलं.

मी तीन महिन्यांत बोली बदलली. तुम्ही शाबासकी दिलीत. माझ्या खोलीत जी दुसरी मुलगी होती, तिने बदलली नाही. ती सावनेरची, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. उंच, सावळी, हात पुरुषासारखे मोठे, पण त्या हातांनी पट्टी सोडली तर रोग्याला कळायचं नाही. तुमच्यासमोर ती कमी बोलायची, आणि वॉर्डात गेली की आपल्या भाषेत सुरू व्हायची. पोट चिरलेल्या बाया कण्हत पडलेल्या असायच्या. ही जवळ जाऊन म्हणायची, "काहून रडून राहिली वं माय? मी हाव ना इथं." की त्या बाया गप्प व्हायच्या. भंडारा, उमरेड, कुहीकडच्या कुठकुठल्या खेड्यांतल्या त्या बाया. तुमचं शुद्ध बोलणं ऐकून त्या आणखी घाबरायच्या आणि तुम्हाला वाटायचं की त्या शिस्तीत आहेत. तुम्ही एकदा भर वर्गात तिला उभं केलं आणि 'मला दुखत आहे' हे वाक्य वीस वेळा म्हणायला लावलं. तिने वीस वेळा म्हटलं. बसताना हळूच मला म्हणाली, "दुखते तर यायलेच वाटते." यायले, म्हणजे तुम्हाला. मला हसू आलं, आणि तुम्ही ते पाहिलंत.

तुमचे हात चांगले होते, हे मी नाकारत नाही. सुई टोचलेली कळायची नाही. रोगी न हलवता त्याच्याखालची चादर बदलावी ती तुम्हीच. आम्ही पंधरा जणी कॉटभोवती कोंडाळं करून उभ्या राहायचो आणि तुमच्या बोटांकडे पाहत राहायचो. घर सोडून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना कोणाचं तरी व्हायचं असतं. मला तुमचं व्हायचं होतं. तुमच्यासारखी मान ताठ ठेवून मी चालून पाहायचे. म्हणूनच पुढे जे झालं ते तुम्हाला इतकं सोपं गेलं.

दुसऱ्या वर्षातला हिवाळा. दुपारची वेळ. ऑपरेशन होऊन एक बाई वॉर्डात आणलेली, कुहीकडची, धानाची शेती करणाऱ्या घरातली, वय फार तर तीस. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला. ती थंडीने कुडकुडते आहे. मोठे डॉक्टर जाता जाता ओरडले, की हिचे पाय बर्फ झालेत, कोणी बघतं की नाही? तुम्हाला आमच्यासमोर ते लागलं. तुम्ही स्वतः रबरी पिशवीत गरम पाणी भरलंत. ती कॉट सावनेरवालीच्या वाट्याची होती. ती म्हणाली, "सिस्टर, पिशवीची खोळ धुवायला गेली आहे." तुमच्यासाठी तिने वाक्य शुद्ध केलं होतं. तुम्ही म्हणालात, "मला शिकवू नकोस." आणि उघडी पिशवी त्या बाईच्या तळपायांना लावून वर कांबळं टाकलंत. मग तिला स्टोअरमधून कापूस आणायला पाठवलंत. ती घुटमळली. तुम्ही म्हणालात, "जा. मी आहे इथे." मी शेजारच्या कॉटची चादर बदलत होते. हे चार शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. मग मेट्रनचा निरोप आला आणि तुम्हीही गेलात. मला वाटलं, येतील. स्टोअरमध्ये रांग होती. ती पाऊण तासाने परतली आणि तिने सगळ्यात आधी कांबळं वर केलं. बाईला काहीच कळलेलं नव्हतं, बधिर पायांना काय कळणार? दोन्ही तळव्यांना फोड आले होते, एका टाचेची कातडी पिशवीला चिकटून आली होती. ती ओरडली नाही. पळत जाऊन तिनेच डॉक्टरांना बोलावून आणलं. लपवायचं असतं तर तिला लपवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला डाएट किचनमध्ये बोलावलंत. तिथे तुम्ही आम्हाला रोग्यांची पेज, बार्लीचं पाणी, कस्टर्ड करायला शिकवायच्या. तुम्ही स्टोव्हवर साबुदाण्याची पेज ढवळत होतात. मला बस म्हणालात. तुम्ही मला कधी बस म्हणाला नव्हतात. माझ्या घरी कोण कोण आहे ते विचारलंत. आत्याबद्दल मीच कधीतरी सांगितलं होतं, ते तुमच्या लक्षात होतं. मग तुम्ही शांतपणे समजावून सांगितलंत, की चौकशीत दोन मुलींची नावं येतील. जिच्याकडे कॉट होती ती आणि जी शेजारी असून गप्प राहिली ती. दोघीही घरी जातील. किंवा एकच जाईल. पेज करपू नये म्हणून तुम्ही एकीकडे ढवळतच होतात. टेबलावर कागद तयार होता, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. पिशवी विद्यार्थिनीने ठेवली, मी प्रत्यक्ष पाहिले. मी म्हटलं, "सिस्टर, पण तुम्ही..." तुम्ही स्टोव्ह बंद केलात आणि म्हणालात, "तुझे वडील पुन्हा ट्रंक डोक्यावर घेऊन येतील. या खेपेला न्यायला. चालेल तुला?"

मी सही केली. मला अठरावं संपायचं होतं. हे वय मी सबब म्हणून सांगत नाही, तुमचं चाळीस होतं हे दाखवायला सांगते. त्या महिन्यात मेट्रनची जागा रिकामी होणार होती आणि तुमचं नाव वर होतं, हे आम्हा मुलींनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात ती जागा तुम्हाला मिळाली. तुम्ही पेढे वाटलेत, मीही खाल्ला.

तिला न्यायला तिचा बाप आला होता. नखांत कोळसा, अंगात धुतलेला सदरा. त्याने तुमच्यासमोर हात जोडले आणि म्हणाला, पोरीची चूक झाली असंल तर पदरात घ्या, बाई. तुम्ही म्हणालात, नियम आहेत. मी व्हरांड्यात खांबाआड उभी होते. ती ट्रंक उचलून माझ्यापुढून गेली, थांबली, आणि म्हणाली, "माही कैची तुह्यापाशी हाय. राहू दे." बस, एवढंच. मला तेव्हा वाटलं की तिला काही माहीत नाही. मी त्या वाटण्यावर अकरा वर्षं काढली.

शेवटच्या परीक्षेत मी पहिली आले. तुम्ही मला घड्याळ दिलंत, नाडी मोजायचं, साडीला लावायचं, सेकंदाचा काटा लाल. सगळ्यांसमोर दिलंत, टाळ्या वाजल्या. मी ते तीन महिने लावलं. मग सुटीत गावी गेले तेव्हा आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीवर उभी राहून आत टाकून दिलं. बाबा मोटरपंपाजवळ होते, त्यांनी विचारलं, काय पडलं वं? मी म्हटलं, दगड.

अठ्ठ्याहत्तर साली लसीकरणाच्या शिबिरासाठी मला सावनेरला पाठवलं. खाणीच्या दवाखान्यात टेबल मांडलं होतं. आत एक आया सिरिंज उकळत होती. मोठे हात. तिने वळून पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. नर्स होऊ शकली असती अशी बाई तिथे फरशी पुसत होती, भांडी उकळत होती, आणि तिथली नवखी नर्स कोणाची शीर सापडेना की हळूच तिलाच हाक मारत होती. दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर डबा घेऊन बसलो. तिला दोन मुलं होती. नवरा तिच्या बापाच्याच खाणीत. मी काहीबाही बोलत राहिले. तिने माझ्या डब्यात आपली भाजी वाढली आणि म्हणाली, "मले तवाच समजलं होतं, सही तुही हाय. काहून केली, थे मी तुले कधी इचारणार नाही." मी घास खाली ठेवला. ती म्हणाली, "जेव." तिने खरोखर कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडले असते, तिच्या पाया पडले असते, मोकळी झाले असते. तिने मला मोकळं केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. एसटीत बसल्यावर मी ठरवलं, की माझ्या वाट्याचं मी भोगीन, पण तुमचं तुम्हाला भोगायला लावीन.

त्यासाठी मला काही करावं लागलं नाही. सात वर्षांनी तुम्ही आपण होऊनच आलात. तुम्ही निवृत्त झाला होतात, न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. मी बायकांच्या त्याच वॉर्डाची इन्चार्ज होते. स्ट्रेचरवरून तुम्ही मला ओळखलंत आणि तुमच्या भाच्याला म्हणालात, "आता काळजी नाही. ही माझ्या हातची मुलगी आहे." तुमच्या पायाला वजन बांधलं. सहा आठवडे पाठीवर पडून राहायचं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून तेच सांगायच्या, माझ्या हातची, माझ्या हातची. मी औषधं वेळेवर दिली, पाठ चोळली, केस विंचरले. आणि रोज मनात ठरवत होते, की आज.

तो दिवस मंगळवार होता. मी वॉर्डातल्या आयांना सांगून ठेवलं, की या कॉटचं सगळं मी बघीन, तुम्ही कोणी जायचं नाही. जेवणानंतर तुमच्याभोवतीचे पडदे ओढून घेतले आणि उशाशी असलेली घंटी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. तुम्ही ते पाहिलंत. तुम्ही म्हणालात, "भांडं देऊन जा." मी म्हटलं, "आले." आणि गेले नाही. मी पडद्याबाहेर माझ्या टेबलाशी बसून होते. तुमच्यापासून दहा पावलांवर. तुम्ही एकदा हाक मारलीत, हळू. मग नाही. ओली चादर पाच मिनिटंसुद्धा रोग्याखाली राहता कामा नये, हे तुम्ही आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी एक तास बसून राहिले. वाट पाहत होते की तुम्ही ओरडाल, रडाल, कोणाला तरी बोलवाल, शेजारच्या बाया ऐकतील. तुम्ही आवाज काढला नाही.

तास झाल्यावर मी आत गेले. वास येत होता. तुम्ही छताकडे पाहत होतात. मी तुमच्या पोटावर पुठ्ठा ठेवला, त्यावर कागद. मी लिहून आणलेला. त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी मी स्वतः ठेवली, विद्यार्थिनीला मीच बाहेर पाठवले, ती निर्दोष होती. पेनाचं टोपण काढून तुमच्या हातात दिलं आणि म्हटलं, "सही करा." तुम्ही म्हणालात, "चष्मा." मी चष्मा दिला. तुम्ही दोनदा वाचलंत. मला वाटलं होतं, तुम्ही नाकाराल, आणि मी त्याचीही तयारी केली होती. मी आणखी एक तास बसले असते. आणखी दोन बसले असते. पण तुम्ही म्हणालात, "पिशवीला खोळ नव्हती. हे लिहिलं नाहीस." आणि स्वतः ते वाक्य लिहिलंत, पडल्या पडल्या, अक्षर जरा वाकडं आलं. मग विचारलंत, "आणि तुझी सही? ती कुठे आहे यात?"

मी म्हटलं, "ती वेगळी गोष्ट आहे."

तुम्ही चष्म्यातून माझ्याकडे पाहिलंत. अठरा वर्षांपूर्वी किचनमध्ये पाहिलं होतं तसंच, पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असल्यासारखं. मग सही केलीत, पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "आता चादर बदल."

मी बदलली. तुमचा पाय तसूभर न हलवता, तुम्ही शिकवलं होतं अगदी तशी. दुसऱ्या दिवशी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, काही तक्रार? मी शेजारीच उभी होते. तुम्ही म्हणालात, "तक्रार कशाची? इथली इन्चार्ज मी तयार केलेली आहे." सिस्टर, मला तेव्हा तुमचा गळा दाबावासा वाटला. तुम्ही तक्रार केली असती तर माझ्यावर कारवाई झाली असती आणि मी सगळं चारचौघांत बोलले असते. तुम्ही तेवढंही माझ्या हाती लागू दिलं नाही. जे मी तुमच्याविरुद्ध करायला गेले, तेही तुम्ही तुमच्याच नावावर जमा करून घेतलंत.

रविवारी मी कागद घेऊन सावनेरला गेले. ती अंगणात डाळ निवडत होती. मी पर्समधून कागद काढून तिच्या हातात दिला. तिने सावकाश वाचला. सही कशी मिळवली हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घडी घालून तिने तो मला परत दिला. म्हणाली, "मले सर्टिफिकेट पाह्यजे होतं वं. हे घेऊन मी काय करू?" मी म्हटलं, "निदान तुझ्या नावावरचा डाग तर गेला." ती म्हणाली, "माह्या बापाले दाखवला असता. तो आता नाही." पुन्हा सुपात हात घातला, आणि विचारलं, "त्या बाईच्या पायाचं काय झालं मग? चालता आलं का तिले?"

मला माहीत नव्हतं. त्या बाईला पाचव्या दिवशी घरचे लोक घेऊन गेले, टाचांना पट्ट्या तशाच. मी त्याच वॉर्डात होते, नोंदवहीत तिचं गाव होतं. अठरा वर्षं मी तुमच्यावर दात ठेवला, आणि एकदाही कुहीची एसटी पकडली नाही. तुम्हीही नाही, हे मला नक्की ठाऊक आहे. आपल्या तिघींतली ही एकटीच अशी होती, जिला तो प्रश्न पडला, आणि तिलाच आपण दोघींनी मिळून घालवलं.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. स्टाफरूममध्ये बातमी आली तेव्हा मुली गलबलल्या, दोघी-तिघी रडल्या, गाडी करून सगळ्या घाटावर गेल्या. मी ड्यूटीचं कारण सांगितलं. संध्याकाळी घरी जाताना पावभर संत्रा बर्फी घेतली आणि घरात कोणाला न सांगता ओट्याशी उभी राहून एकटीने खाल्ली. कधीमधी तिची चव आठवते, अजून गोडच लागते.

दहा दिवसांनी शोकसभा ठेवली. प्रात्यक्षिकांच्या खोलीत तुमचा मोठा फोटो लावायचा ठरलं होतं, फ्रेम करून आणली होती, भिंतीत खिळाही ठोकून झाला होता. मी नव्या मेट्रनच्या टेबलावर तुमचा कागद ठेवला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं, पुन्हा वाचला. त्यांनी विचारलं, चौकशीत साक्षीदार कोण होतं? मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, तेव्हाचे कागद कुठे सापडणार. हो, सिस्टर, मी असंच म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं बोलले, पण या खेपेला पेज ढवळत समोर कोणी बसलं नव्हतं. फोटो भाच्याकडे परत गेला. सभेत दोन मिनिटं उभं राहून सगळ्या आपापल्या वॉर्डात परतल्या. त्या खिळ्यावर मग कोणीतरी हात पुसायचा टॉवेल अडकवायला लागलं. मी निवृत्त झाले तेव्हाही तो तिथेच होता.

हे पत्र पाठवायला जागा नाही. भाच्याचा पत्ता मिळेल, पण त्या माणसाने माझं काही बिघडवलेलं नाही. मैत्रीण तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या तेराव्याला मी सावनेरला गेले होते. तिच्या नातीने मला चहा दिला आणि विचारलं, तुम्ही आजीच्या कोण? मी म्हटलं, आम्ही एका खोलीत राहायचो.

एक राहिलं. इन्चार्ज झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नव्या मुली माझ्याकडे यायच्या आणि मी त्यांना चादरीच्या कोपऱ्याची घडी शिकवायची. तुम्ही आम्हाला शिकवली तीच, अंगठा आत दाबून, मग पंचेचाळीस अंशात दुमडून. मुली विचारायच्या, मॅडम, ही कुठली पद्धत? मी सांगायची, सावनेरला माझी एक मैत्रीण होती, तिची. पुढे इंजेक्शन देताना रोग्याला बोलण्यात गुंतवायची तुमची युक्ती, ओल्या कापसाने फोडाभोवती पुसायची तुमची रीत, सगळं मी तिच्या नावाने शिकवत गेले. पंचवीस बॅचेस. आता या शहरात जिकडेतिकडे त्या मुली आहेत. गेल्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तर तिथली सिस्टर शिकाऊ मुलीला सांगत होती, अशी नाही गं, सावनेरवाली घडी घाल. तुमचं नाव तिने ऐकलेलंही नव्हतं. मी पट्टी बांधलेल्या डोळ्याने पडून होते आणि मला फार बरं वाटलं.

फक्त हे मी मैत्रिणीला कधी सांगितलं नाही. तिने मला ते एका मिनिटात बंद करायला लावलं असतं.